खात्यापित्या घरची

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात असताना वजनाचा विषय काढणे बरे दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी कोणाच्या करंज्या मोजायला बसलेली नाही. मला बोलायचे आहे ते अशा घरातल्या मुलीविषयी, ज्या घरी करंज्या आपल्याकडून जातात.

आपल्यातली एखादी मुलगी जरा अंगाने भरली की आपण कौतुकाने म्हणतो, "खात्यापित्या घरची आहे हो!" तेच अंग कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीचे असले, तर कौतुकाच्या जागी संशय येतो. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी यंदा नववीत आहे. अंगाने चांगली थोराड. गेल्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी आपल्या लेकीचे दोन जवळजवळ नवे ड्रेस तिच्यासाठी काढून ठेवले. मन मोठे आहे त्यांचे, खोटे कशाला बोलू? पण ड्रेस दंडात अडकला आणि काकू हसून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पगार वाढवून मागता, आणि लेक तर आमच्यापेक्षा खाऊनपिऊन सुखी दिसते!" मावशीही हसल्या. मुलगी हसली नाही. तिने ड्रेसची नीट घडी घातली आणि तो परत दिला.

सुखवस्तू घरच्या मुलीला जाडी म्हटले, तर अपमान तिच्या रूपाचा होतो. हिला म्हटले की रूपाचा तर होतोच, शिवाय 'तुझी आई पैशांची ओढ असल्याचे खोटेच सांगते' असेही तिला ऐकू येते. चौदा वर्षांच्या पोरीने या दोन्हींना काय उत्तर द्यावे?

ती खाते तरी काय, ते मी मावशींकडूनच ऐकले आहे. सकाळी चहाबरोबर दोन खारी. रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य २०२३ पासून फुकट मिळते, म्हणून भात आणि पोळी पोटभर. डाळ पातळ; भाजी बहुधा बटाट्याची, कारण ती घरात सगळ्यांना पुरते. शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंतच. नववीत गेलेली मुलगी डबा नसला, की फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर येते. तेल, बटाटा, मैद्याचा पाव, आणि थोड्या पैशांत पोट गच्च! संध्याकाळी खेळावे, तर बोळात मोटारसायकली उभ्या, आणि या वयाच्या मुलीला लांबच्या मैदानावर एकटी पाठवायला आई धजत नाही. घरात भरपूर आहे ते पोट भरणारे. अंगी लागावे असे दूध, अंडे, फळ महिन्यातून केव्हा तरी.

यापुढची गोष्ट आपल्या पुण्यातली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. त्या कृश आयांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान. स्नायू तर फारच कमी, पण पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला बारीक आणि आतून मेदाळ! म्हणजे अंगावरच्या मेदाचे मूळ कधीकधी आईच्या ताटातल्या उणिवेत असू शकते. मावशी या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत बांधकामावर विटा वाहत होत्या. हिचे तसेच झाले असे मी म्हणत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. पण 'खाऊनपिऊन सुखी' म्हणायचा अधिकार तरी आपल्याला कोणी दिला?

"अहो, बोलल्याशिवाय कमी कशी होणार?" हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९९८-९९ मध्ये शाळकरी मुलामुलींची पाहणी सुरू झाली. पुढे पंधरा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले, तेव्हा वजनावरून चिडवली गेलेली मुले इतरांपेक्षा अधिक स्थूल झालेली आढळली. मला त्याचे नवल वाटले नाही. मावशींची मुलगी वर्गात डबा उघडत नाही, कारण शेजारच्या बाकावरच्या मुली पोळ्या मोजतात. संध्याकाळी सहाला घरी येते आणि पातेल्यातला गार भात उभ्या-उभ्या खाते. तेवढ्यात बाप कामावरून आला, की तोही बघतो आणि बोलतो. मग रात्रीचे जेवण बंद. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी भोवळ.

शाळेत वर्षातून एकदा आरोग्यतपासणी असते. काटा वर्गासमोर ठेवायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, मॉनिटरने वहीत लिहायचा, अशी तिथली रीत. दुष्टपणा नसेल त्यात, घाई असेल. यंदा श्रावणात मावशी पोळपाट धुता धुता म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी हिला घरीच ठेवली तर चालंल का हो?" मी वर्गशिक्षिकांना चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली. बाई समजूतदार निघाल्या. काटा शेजारच्या रिकाम्या खोलीत गेला, एकेकीला आत बोलावले आणि आकडा बाईंनी स्वतः लिहून घेतला.

मुलगी त्या दिवशी शाळेत गेली. किती भरले, ते मावशींनी तिला विचारले नाही, आणि मीही मावशींना विचारले नाही.