क्रूस एक, पीठे अनेक

केरळ विधानसभेने २०२० साली एक आगळा कायदा संमत केला. मृत ख्रिस्ती व्यक्तीला आपल्या पूर्वजांच्या दफनभूमीत जागा मिळावी, हा त्याचा हेतू होता. ही जागा नाकारणारे परधर्मीय नव्हते आणि सरकारही नव्हते. मलंकर परंपरेतील ऑर्थोडॉक्स व जेकबाइट या दोन गटांच्या कलहापायी काही घरांतील मृतदेह दिवसेंदिवस मातीची वाट पाहत राहिले होते. अंत्यविधी कोणत्या गटाच्या पुरोहिताने करावा, यावर वाद अडला होता. दोघांचे बायबल एक, श्रद्धासूत्र एक, उपासनेची सिरियन परंपराही एकच. नातीगोतीसुद्धा एकमेकांत गुंतलेली. मग भांडण कशाचे?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी सोळाशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. आपल्याकडे ‘ख्रिस्ती’ हा शब्द एकसंध अर्थाने वापरण्याची सवय आहे. रोमच्या पोपने आज्ञा करावी आणि जगभरच्या ख्रिस्त्यांनी ती शिरसावंद्य मानावी, असे चित्र अनेक सुशिक्षितांच्याही मनात असते. वस्तुतः जगातील ख्रिस्त्यांपैकी साधारण निम्मेच पोपचा अधिकार मानतात. उरलेले ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, ल्युथरन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल अशा असंख्य पंथोपपंथांत विखुरलेले आहेत. हे भेद तत्त्वज्ञानातून निर्माण झाले, असे सामान्यतः मानले जाते. तत्त्वाने वादाला तोंड फोडले, हे खरेच आहे. परंतु घर फोडले ते अधिकाराच्या प्रश्नाने. अंतिम शब्द कोणाचा, या एका प्रश्नाभोवतीच ख्रिस्ती पंथभेदांचा सारा इतिहास फिरताना दिसतो.

सम्राटाच्या छायेतील धर्मपरिषदा

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला ३१३ साली मान्यता मिळाली आणि अवघ्या बारा वर्षांत पहिली मोठी धर्मपरिषद भरली. ३२५ सालची ही निकियाची परिषद कोणा बिशपने नव्हे, तर सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली होती. ख्रिस्त हा ईश्वराशी समतत्त्व आहे की ईश्वराने निर्माण केलेला आहे, हा तेथील वादविषय. दुसरे मत मांडणारा आरियस बहिष्कृत झाला. श्रद्धेचा निर्णय परिषदेने द्यावा आणि त्याची अंमलबजावणी राजसत्तेने करावी, हा पायंडा तेथे पडला.

पुढे ४३१ मध्ये इफिसस येथे कॉन्स्टंटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस पदच्युत झाला. मरियमेला ‘देवमाता’ म्हणण्यास त्याचा आक्षेप होता. पर्शियन साम्राज्यातील चर्चने ही परिषद मानली नाही. ज्या रोमन साम्राज्याशी आपल्या राजाचे वैर, त्याच्या सम्राटाने भरविलेल्या परिषदेचा निर्णय पर्शियातील ख्रिस्त्यांना राजकीयदृष्ट्याही परवडणारा नव्हता. ४५१ मध्ये कॅल्सेडन येथे ख्रिस्ताच्या एकाच व्यक्तित्वात दैवी व मानवी अशी दोन स्वरूपे आहेत, असा सिद्धांत ठरला. इजिप्तचे कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियन चर्च यांनी तो नाकारला. त्याच परिषदेने कॉन्स्टंटिनोपलला रोमच्या खालोखाल मान दिला आणि रोमने तो ठराव मान्य केला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

या वादाची गंमत पुढे आहे. १९७३ साली पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक धर्मप्रमुख तिसरे शेनूदा यांनी ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी संयुक्त घोषणा केली. १९९४ साली पर्शियन परंपरेच्या असिरियन चर्चशीही रोमचे असेच ऐक्यपत्र झाले. शब्द वेगळे असले तरी श्रद्धा एकच, असा त्यांचा आशय. ज्या मतभेदापायी पंधरा शतके एकमेकांना पाखंडी ठरविले, तो मतभेद एका कागदावर मिटला. पीठे मात्र वेगळी ती वेगळीच राहिली.

रोम आणि कॉन्स्टंटिनोपल

१०५४ सालच्या फुटीची कथाही अशीच आहे. पश्चिमेच्या चर्चची भाषा लॅटिन, पूर्वेची ग्रीक. श्रद्धासूत्रात पवित्र आत्मा पित्यापासून निघतो असे म्हटले होते. लॅटिन चर्चने त्यात ‘आणि पुत्रापासून’ ही भर घातली. प्रभुभोजनाची भाकर आंबवलेल्या पिठाची असावी की न आंबवलेल्या, यावरही वाद होता. तथापि खरी मेख वेगळी होती. रोमचा बिशप हा समानांमधील पहिला, की सर्वांवर शासन करणारा? त्या वर्षी जुलैमध्ये पोपचा दूत कार्डिनल हंबर्ट याने कॉन्स्टंटिनोपलच्या हागिया सोफियात बहिष्कारपत्र ठेवले. पोप नववा लिओ तर एप्रिलमध्येच मरण पावला होता. पुढे १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील लॅटिन सैनिकांनी ते ख्रिस्ती नगर लुटले आणि कागदावरील फूट लोकांच्या मनांत उतरली. १९६५ साली दोन्ही पीठांनी परस्परांवरील बहिष्कार मागे घेतले. एकीकरण अद्याप झालेले नाही.

ग्रंथ प्रमाण, पण अर्थ कोणी लावायचा?

रोममधील सेंट पीटर्सच्या उभारणीसाठी जर्मनीत पापदंडमाफीची पत्रे विकली जात होती. त्याविरुद्ध १५१७ साली विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरने ९५ कलमे मांडली. पोप वा परिषद नव्हे, तर बायबल हेच अंतिम प्रमाण, असे त्याचे म्हणणे पुढे स्पष्ट झाले. या विचाराने युरोपात मोठी जागृती घडविली. लोकभाषांतून धर्मग्रंथ घरोघरी पोहोचला. परंतु ग्रंथ प्रमाण म्हटले, तरी त्याचा अर्थ कोणी लावायचा हा प्रश्न उरतोच. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते की ते केवळ स्मरण आहे, या पंधराव्या मुद्द्यावर दोघे दुरावले. खुद्द झुरिकमध्ये तर प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा, असे शिकविणाऱ्या फेलिक्स मांट्झ याला १५२७ मध्ये नदीत बुडवून मारण्यात आले होते. रोमची सत्ता झुगारणाऱ्यांनाही आपल्या सत्तेला दिलेला नकार सोसवला नाही.

इंग्लंडमध्ये तर १५३४ साली राजा आठवा हेन्री स्वतःच चर्चचा प्रमुख बनला. नंतरच्या कित्येक पंथांची नावेच बोलकी आहेत. बिशपांनी चालवावे ते एपिस्कोपल, वडीलमंडळाने चालवावे ते प्रेस्बिटेरियन आणि स्थानिक मंडळीने स्वतःच चालवावे ते काँग्रिगेशनल. ही नावे श्रद्धेची नाहीत. कारभाराच्या पद्धतीची आहेत.

याचा अर्थ आचारविचारांतील भेद क्षुल्लक आहेत असा नव्हे. कॅथलिक बायबलात ७३ ग्रंथ, तर प्रोटेस्टंट बायबलात ६६. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स सात संस्कार मानतात; बहुतेक प्रोटेस्टंट बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच. मरियमेची व संतांची मध्यस्थी पहिल्या दोघांना मान्य, प्रोटेस्टंटांना अमान्य. लॅटिन कॅथलिक धर्मगुरू सहसा ब्रह्मचारी असतो. ऑर्थोडॉक्स परंपरेत विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतो, बिशप नव्हे. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. सामान्य भाविकाचा धर्म याच आचारांत नांदतो. परंतु केवळ आचार वेगळे म्हणून घरे वेगळी व्हावीत असे नाही, हे खुद्द कॅथलिक चर्चच्या उदाहरणावरून दिसते. पोपला मानणाऱ्या पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू आहेत, उपासनाही निराळी आहे. तरी ती रोमच्या छत्राखाली नांदतात.

केरळचा धडा

या इतिहासाचे सर्व अंक एकाच भूमीवर पाहायचे, तर केरळ पाहावे. इ. स. ५२ मध्ये प्रेषित थॉमस तेथे उतरला, अशी तेथील जुन्या ख्रिस्ती समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. या समाजाला बिशप येत ते पर्शियन परंपरेच्या चर्चकडून आणि स्थानिक नेतृत्व असे आर्चडीकन या देशी अधिकाऱ्याकडे. पोर्तुगीज आले आणि हे चित्र बदलले. गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून या समाजाला रोमच्या आज्ञेत आणले. सिरियन ग्रंथ तपासून बदलण्यात वा नष्ट करण्यात आले. धर्मगुरूंवर ब्रह्मचर्य लादले गेले.

३ जानेवारी १६५३ रोजी या दडपणाचा स्फोट झाला. मट्टांचेरी येथे जमलेल्या समुदायाने जेझुइट बिशपांची सत्ता यापुढे मानणार नाही, अशी शपथ घेतली. पश्चिम आशियातून आलेल्या एका बिशपला पोर्तुगीजांनी अडकवून ठेवले, हे तात्कालिक निमित्त ठरले. आर्चडीकन थॉमस याला बारा धर्मगुरूंनी बिशप म्हणून अभिषेक केला. मग रोमने कार्मेलाइट धर्मगुरू धाडून बहुसंख्यांना परत वळविले. त्यांचे वंशज आजचे सीरो-मलबार कॅथलिक. उरलेल्यांनी १६६५ मध्ये अंत्योखच्या सिरियन परंपरेतून आलेल्या बिशपचा स्वीकार केला. ही अंत्योख परंपरा आणि पूर्वीची पर्शियन परंपरा ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी दोन विरुद्ध टोकांना उभ्या होत्या. तरीही हा समाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, कारण त्याला हवा होता तो परकी सत्तेने न लादलेला बिशप.

त्यानंतर फुटीला फाटे फुटतच राहिले. प्रोटेस्टंट प्रभावाखाली अब्राहम मल्पान यांनी १८३६ मध्ये सुधारणा आरंभिल्या. त्यातून मार थोमा चर्च वेगळे झाले आणि मालमत्तेचा निकाल १८८९ मध्ये त्रावणकोरच्या न्यायालयाने लावला. १९१२ मध्ये मलंकर चर्चमध्ये कॅथोलिकोस हे देशी सर्वोच्च पद स्थापन झाले. १९३० मध्ये मार इवानियोस आपल्या अनुयायांसह रोमला मिळाले. अंत्योखच्या पॅट्रिआर्कला सर्वोच्च मानणारे जेकबाइट आणि देशी कॅथोलिकोसला मानणारे ऑर्थोडॉक्स यांचा तंटा सर्वोच्च न्यायालयात १९५८, १९९५ आणि २०१७ असा तीनदा निकालात निघाला. शेवटच्या निकालाने १९३४ च्या मलंकर घटनेनुसारच सर्व चर्चचा कारभार चालावा, असे ठरले. त्याच्या अंमलबजावणीत चर्चच्या दारांत पोलीस उभे राहिले आणि दफनाचा कायदा करण्याची पाळी आली.

मराठी मुलखातील पडसाद

महाराष्ट्रही या कलहांपासून अलिप्त राहिला नाही. मुंबईतील कॅथलिक चर्चवर नियुक्तीचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा की रोमच्या प्रचार-मंडळाचा, यावर दीर्घकाळ तंटा चालला. एकाच शहरात दोन कॅथलिक अंमल नांदत होते. तो दुहेरी कारभार १९२८ मध्ये संपला. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये पाळक नेमण्याच्या जमीनदारी हक्कावरून फूट पडली, तेव्हा मुंबईचे डॉ. जॉन विल्सन फ्री चर्चबरोबर गेले. आजही मुंबईतला केरळी सीरो-मलबार कॅथलिक १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या पीठाखाली येतो. त्याचा लॅटिन कॅथलिक शेजारी मुंबईच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत असतो. पोप दोघांचा एकच.

मराठी मनाने या अधिकाराला प्रश्नही विचारले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला; परंतु चर्चचे प्रत्येक मत निमूट स्वीकारण्याचे त्यांनी नाकारले आणि बायबलचा अर्थ आपल्या विवेकानेच लावला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही त्यात स्थान होते. दुसरीकडे, एकीचेही एक ठळक पाऊल याच भूमीवर पडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रोटेस्टंट परंपरांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. बिशप, वडीलमंडळ आणि स्थानिक मंडळी या तिन्ही व्यवस्थांना एका घटनेत बसविण्यास दीर्घ वाटाघाटी लागल्या. अधिकाराचा तिढा सुटला, तेव्हा श्रद्धेचे अंतर आड आले नाही.

‘चर्च’ हा एकच शब्द उच्चारून सर्वांना एका मापाने मोजणे म्हणूनच अन्यायाचेही आहे आणि अज्ञानाचेही. एका पीठाच्या कृत्याचा दोष दुसऱ्याला देता येत नाही आणि एकाच्या सेवेचे श्रेय दुसऱ्याला लाटता येत नाही. एखाद्या चर्चविषयी मत बनविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : तेथील धर्मगुरू कोण नेमतो, मालमत्ता कोणाच्या नावावर आहे आणि वाद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा? या उत्तरांतून जे कळते, ते श्रद्धासूत्रांच्या पाठांतरातून कळत नाही. प्रेमाचा संदेश देणाऱ्या धर्मसंस्थेलाही अधिकाराची वाटणी जमली नाही, तर शेवटी मूठभर मातीसाठी राजसत्तेच्या दारी जावे लागते. केरळच्या दफनभूमींनी शिकविलेला हा धडा केवळ ख्रिस्त्यांपुरता नाही. मठ, देवस्थान, संप्रदाय चालविणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानी धरावा.