आधी मालिका, मग पुस्तक: बिघडलं कुठे?

‘आधी पुस्तक वाचावं, मगच त्यावरचं काही बघावं’ हा नियम ज्याने केला, त्याच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं एवढं नक्की. ज्या घरात ते नाही तिथे गोष्ट पुस्तकातून येत नाही. ती पूर्वी टीव्हीवरून यायची, आता फोनवरून येते. भोर-वेल्ह्यातली एखादी मुलगी रेंज मिळेल त्या कोपऱ्यात बसून ‘द व्हॅम्पायर डायरीज’ बघते, आणि मग त्या मालिकेची मूळ कादंबरी शोधून डिक्शनरी उघडून वाचते. तिने नेमकं काय चुकीचं केलं?

तिला दोन्हीकडून ऐकावं लागतं. घरचे म्हणतात, रक्त पिणाऱ्याची प्रेमकथा कसली वाचतेस? आणि साहित्यातले जाणते म्हणतात, मालिका बघून पुस्तकाकडे आलेली, ही कसली वाचक! घरच्यांचं समजू शकतं. जाणत्यांचं मात्र अजिबात नाही.

कारण हेच जाणते ‘छावा’च्या वेळी गप्प होते. शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ची, तिच्यावरचा हिंदी चित्रपट २०२५चा. तो बघून कुणी कादंबरी हातात घेतली तर आपण त्याला शाबासकी देतो. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या, त्यामुळे इथे तर कौतुक जास्तच. म्हणजे पडद्यावरून पुस्तकाकडे जाण्याला हरकत नाही. हरकत आहे ती कुठल्या पुस्तकाकडे जायचं याला, आणि कोण जातंय याला. मग तसं सरळ म्हणा ना. वाचनसंस्कृतीचं नाव कशाला पुढे करता?

दुसरा आक्षेप ‘आपल्या मातीतलं नाही’ हा. रिचर्ड बर्टनने १८७० साली आपल्या वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळाला चक्क ‘व्हॅम्पायर’ केलं. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला त्यानंतर २७ वर्षांनी. उलट बाजूने बघा: ज्या नारायण धारपांना आपण अस्सल मराठी भयकथेचे बादशहा मानतो, त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, आणि ती कादंबरी रक्तपिपासूंचीच. ‘तुंबाड’ चित्रपट २०१८ साली आला तेव्हा कितीतरी तरुणांनी धारप हे नाव पहिल्यांदा ऐकलं आणि मग त्यांची पुस्तकं शोधली. भुतं कधीच एका मातीत राहिलेली नाहीत. राहिली असती तर धारप आपल्याला मिळालेच नसते.

आता ती मुलगी वाचते तेव्हा काय होतं ते पाहू. मालिका २००९ ते २०१७ चालली, आठ सीझन, १७१ भाग. एल. जे. स्मिथ यांची पहिली कादंबरी १९९१ची. मालिकेतली एलेना गडद तपकिरी केसांची, कादंबरीतली सोनेरी केसांची. मालिकेत तिला भाऊ आहे, पुस्तकात चिमुकली बहीण. गावाचं नाव वेगळं. मालिकेतले साल्वातोरे बंधू अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातले, पुस्तकातले थेट इटलीतल्या फ्लॉरेन्सचे. सगळ्यात मोठा फरक स्वभावाचा आहे. मालिकेतली एलेना आईबाप गेल्याच्या दुःखात बुडालेली भेटते. पुस्तकातली एलेनाही पोरकीच, पण ती शाळेची राणी आहे. स्टेफन तिच्याकडे बघत नाही म्हटल्यावर हा मला हवाच, असं ती ठरवून टाकते.

हे फरक टिपणं, ते का केले असतील याचा विचार करणं, यालाच तर समीक्षा म्हणतात! आमच्या भोरचा राजवाडा कितीतरी चित्रपट-मालिकांमध्ये दुसऱ्याच कुणाचा तरी वाडा म्हणून उभा राहिला आहे. पडदा मूळ गोष्टीचं काय करतो, हे भोरकरांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि ‘पुस्तक नेहमीच सरस’ हेही मला मान्य नाही. ही पहिली कादंबरी मालिकेपेक्षा विरळ आहे, तिच्यातली दुय्यम माणसं मालिकेत जास्त भरीव होतात. वाचून झाल्यावर ‘मालिकाच बरी होती’ म्हणणारी मुलगीही वाचकच असते.

शिवाय पुस्तकामागे गेल्यावर एक गोष्ट कळते जी मालिका सांगत नाही. स्मिथ यांनी या कादंबऱ्या एका कंपनीसाठी करारावर लिहिल्या, त्यामुळे हक्क कंपनीकडे. २०११ साली त्यांनाच मालिकेच्या पुस्तकांवरून दूर केलं गेलं आणि पुढची पुस्तकं दुसऱ्याकडून लिहून घेतली. नंतर स्वतःच्याच पात्रांवर त्यांनी फॅन फिक्शन लिहिलं. रक्त कोण कुणाचं पितं, याचा याहून चांगला धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे?

पण खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असं सांगतात. सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा मुंजा होतो. अपुरी इच्छा घेऊन गेलेली माणसं, तीच आपली भुतं. म्हणजे बाईला काय हवं होतं हे आपण ऐकतो ते ती मेल्यावर, तेही मांत्रिकासमोर. व्हॅम्पायरच्या प्रेमकथेत जिवंत मुलगी ‘मला हा हवा’ म्हणते. टोचतं ते हे. रक्ताचा बाऊ नुसता निमित्ताला.

याचा अर्थ त्या कथा निर्दोष आहेत असा नाही. व्हॅम्पायरला घरात यायला आतून बोलावणं लागतं, हा जुना नियम या मालिकेतही आहे. पण डेमन सुरुवातीलाच कॅरोलाइनच्या मनाचा ताबा घेतो, तिला वापरतो, आणि पुढे तोच सगळ्यांचा लाडका नायक होतो. उंबरा ओलांडायला परवानगी हवी, मनात शिरायला नको? हा प्रश्न विचारायलाच हवा. तो कोण विचारू शकेल? ज्याने ‘कचरा’ म्हणून पान उघडलंच नाही, तो नक्कीच नाही. जिने १७१ भाग बघितले आणि वर कादंबरीही वाचली, तीच विचारेल.

म्हणून वाचनाची काळजी वाहणाऱ्या शिक्षकांना, ग्रंथपालांना, लेखकांना एकच सांगणं आहे. अशी मुलगी समोर आली तर ‘हे काय वाचतेस’ म्हणू नका. ‘मालिकेपेक्षा काय वेगळं वाटलं?’ एवढं विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा. मग तिच्या हातात ‘लुचाई’ ठेवा. ती घेईल. आणि नाहीच घेतली, तर कादंबरीचा पुढचा भाग तिच्या फोनमध्ये आहेच. तिला तुमच्या परवानगीची गरज नाही.