विश्लेषण : अमेरिकेत ‘ग्रास-फेड’ गोमांसासाठी जादा पैसे मोजणे कितपत योग्य?

अमेरिकेच्या सरकारने जानेवारी २०२६ मध्ये नवी आहार मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने खा, असे त्यांत म्हटले आहे आणि लाल मांसालाही ताटात मानाचे स्थान मिळाले आहे. मात्र गोमांस आज तेथे विक्रमी महाग आहे. त्यातही ‘ग्रास-फेड’, म्हणजे केवळ गवत-चाऱ्यावर पोसलेल्या जनावराचे मांस आणखी महाग. सरकारी अन्नसाहाय्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ४ कोटी अमेरिकनांसाठी प्रश्न साधा आहे : त्या लेबलामुळे पोषण किती वाढते?

दर एवढे का भडकले?

जून २०२५ मध्ये गोमांसाच्या खिम्याचा सरासरी दर प्रथमच पौंडाला (सुमारे ४५४ ग्रॅम) ६ डॉलरच्या वर गेला. दुष्काळामुळे चारा महागला, पशुपालकांनी गाई विकल्या. १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत गाई-गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाख होती. १९५१ नंतरची ही नीचांकी नोंद. त्यात मांसभक्षक ‘स्क्रूवर्म’ माशीच्या भीतीने मेक्सिकोतून जिवंत जनावरांची आयात थांबवण्यात आली. ब्राझीलवरील वाढीव आयातशुल्काची भर पडली. ते गोमांसापुरते नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घ्यावे लागले. कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांनी सुमारे तीन डॉलरमध्ये पौष्टिक जेवण शक्य असल्याचे सांगताना चिकनचा तुकडा, ब्रोकोली आणि मक्याच्या टॉर्टियाचे उदाहरण दिले. गोमांस त्या ताटात नव्हते, हे बोलके आहे.

‘ग्रास-फेड’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत बहुतेक सगळी मांसाची जनावरे आयुष्याचा मोठा काळ कुरणातच चरतात. फरक पडतो तो अखेरच्या चार-सहा महिन्यांत. बहुतेकांना ‘फीडलॉट’मध्ये नेऊन मक्यासारखे धान्य खाऊ घालून झपाट्याने वजन वाढवले जाते. ग्रास-फेड जनावर अखेरपर्यंत चाऱ्यावर राहते, त्यामुळे ते तयार व्हायला अधिक महिने आणि अधिक जमीन लागते. किंमत वाढते ती इथे.

लेबलावर कितपत विश्वास ठेवायचा, हा वेगळा मुद्दा. या शब्दासाठीचे ऐच्छिक सरकारी मानक कृषी खात्याने जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतले. आता लेबल मंजूर होते ते प्रामुख्याने उत्पादकाने दिलेल्या कागदपत्रांवर. ‘ग्रास-फेड’ मांसाचा मोठा वाटा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, उरुग्वे येथून येतो. तरीही केवळ प्रक्रिया अमेरिकेत झाली म्हणून त्यावर ‘अमेरिकी उत्पादन’ छापता येत असे. १ जानेवारी २०२६ पासून त्यासाठी जनावराचा जन्म, संगोपन, कत्तल आणि प्रक्रिया हे सगळे अमेरिकेत व्हावे लागते. (आपल्याकडे ‘ए-२’ दुधाच्या लेबलाबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये आदेश काढून काही दिवसांतच तो मागे घेतला होता. आहारातील दाव्यांना चाप लावणे कोठेही सोपे नाही.)

पोषणात फरक किती?

प्रथिने, लोह, जस्त आणि बी-१२ यांत जवळपास नाही. शिजवलेल्या १०० ग्रॅम खिम्यातून सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि दिवसाची बी-१२ची गरज भागेल एवढे जीवनसत्त्व कोणत्याही पाकिटातून मिळते. ग्रास-फेड मांसात बीटा-कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्व जास्त असते. त्याची चरबी पिवळसर दिसते ती त्यामुळेच.

जाहिरातीत मिरवला जातो तो ओमेगा-३. २०१० मधील एका बहुचर्चित आढाव्यानुसार ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे प्रमाण ग्रास-फेड मांसात सरासरी दीडास एक, तर धान्यावरील जनावरांत साडेसातास एक असते. आकडा खरा आहे, पण तो प्रमाणाचा आहे, मात्रेचा नव्हे. गोमांसात मुळातच ओमेगा-३ अत्यल्प. १०० ग्रॅममागे दोहोंतला फरक १०० मिलिग्रॅमच्याही आत राहतो. त्यातील बराच भाग जवसात असतो त्याच प्रकारचा, आणि चमचाभर जवसाच्या भुकटीत तो दीड ग्रॅमहून अधिक असतो. डबाबंद सार्डिन मासे तर त्याहून उपयुक्त प्रकारचे ओमेगा-३ देतात, तेही स्वस्तात.

मग मर्यादित पैशांत काय पाहायचे?

लेबलाच्या आधी चरबीची टक्केवारी. ८० टक्के ‘लीन’ कच्च्या खिम्यात १०० ग्रॅममागे २० ग्रॅम चरबी आणि सुमारे २५० कॅलरी असतात. ९० टक्के ‘लीन’मध्ये १० ग्रॅम आणि सुमारे १७५. साध्या खिम्यातील सुटलेली चरबी गाळून टाकली तरी हा फरक कमी होतो. संपृक्त चरबी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, हा सल्ला नव्या तत्त्वांतही कायम आहे. लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे २०१५ मधील वर्गीकरण ग्रास-फेडला वगळत नाही.

कुरणात वाढलेल्या जनावराचेच मांस हवे, असा आग्रह पर्यावरण वा प्राण्यांच्या स्थितीसाठी कोणी धरत असेल तर ती वेगळी बाब. अशांना स्टेकऐवजी खिमा किंवा काळीज परवडते. काळजात लोह खिम्याच्या दुपटीहून अधिक असते. अ जीवनसत्त्व मात्र इतके असते, की गर्भवतींनी ते टाळावे असे सांगितले जाते. काही कुटुंबे मिळून थेट पशुपालकाकडून अर्धे जनावर घेतात. दर पौंडाला तो सौदा स्वस्त पडतो, पण त्यासाठी एकरकमी शेकडो डॉलर आणि घरात मोठा फ्रीझर लागतो.