पाडून बघा, मग घ्या!

डिसेंबरातली गोष्ट. रात्री साडेअकराला फोन वाजला. कॅनडाचा नंबर. चंद्रपूरला बारावीपर्यंत माझ्याच बेंचवर बसलेला एक दोस्त सध्या कॅलगरीत असतो, त्याचा. हाय-हॅलो काही नाही, डायरेक्ट मुद्दा. "बे, स्नोमोबाईल घेऊन राहिलो. डोंगरात चालवायची. पहिलीच आहे. कोणती घेऊ सांग."

मी गादीवरून पडायचाच बाकी होतो. चंद्रपूरच्या माणसाला बर्फ माहीत कुठला? रसवंतीवाल्याच्या पोत्यातला, भुसा लागलेला! २०१९ च्या मे महिन्यात ४८ अंश सोसलेलं गाव आहे आमचं. आणि हा मला बर्फातली गाडी विचारतोय, कारण काय, तर ग्रुपमधला 'बाईकवाला' मी. (नेहमीच्या वाचकांना माझी ही ख्याती माहीत आहेच. ती कितपत खरी, ते पुढे कळेल.)

"तिथले लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"जुने लोक म्हणतात, ८५० सीसीच्या नादी लागू नको. ६०० ची सेकंडहँड घे. मऊ बर्फात रुतली की तुझी तुला काढता आली पाहिजे. शोरूमवाला म्हणतो, मोठीच घ्या, नाहीतर वर्षभरात कंटाळाल."

शोरूमवाला जगात कुठेही जा, सारखाच!

हा किस्सा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन दिवस रंगवून सांगितला. तिसऱ्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला आणि माझं हसणं थांबलं. बीएस्सी नर्सिंग झालेली पोरगी, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून सिलेक्शन झालं होतं. पोस्टिंग गडचिरोलीत. आलापल्लीला खोली घ्यायची आणि तिथून आत जंगलातल्या एका उपकेंद्रात रोज जायचं. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. बस दिवसाला एक, ती पण मूड असेल तर. "दादा, गाडी घ्यावी लागते. मला तर स्कूटीच्या पुढे काही येत नाही. कोणती घेऊ?"

प्रश्न तोच. फक्त बर्फाच्या जागी मुरूम.

ज्यांनी तो भाग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली गाठायची. मेन रोडवर माल भरलेले ट्रक. आत वळलं की डांबर कुठे आहे, कुठे होतं. मग मुरूम, मग लाल माती, मग नाला आणि त्यावर रपटा, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल. मध्येच धान वाळत घातलेलं, मध्येच ढोरं, संध्याकाळी रानडुकरं. मोबाईलला रेंज असली तर नशीब. पावसाळ्यात तर पुढच्या भामरागडचा परलकोटा नदीच्या पुरामुळे संपर्क तुटल्याची बातमी आम्ही लहानपणापासून वाचत आलोय.

मी लगेच एक्स्पर्ट मोडमध्ये गेलो. रात्री दोनपर्यंत बसून एक्सेल शीट बनवली (आयटीवाल्यांचा आजार!). ग्राउंड क्लिअरन्स, टॉर्क, सस्पेन्शन ट्रॅव्हल. २०१६ साली हिमालयन आली आणि आपल्याकडच्या पोरांना 'अ‍ॅडव्हेंचर बाईक' हा शब्द पाठ झाला. २०१९ मध्ये एक्सपल्स आली आणि तो शब्द थोडा स्वस्त झाला. माझ्या शीटमध्ये या दोघी वरच्या नंबरात होत्या. शीटमध्ये एक कॉलम मात्र नव्हता. तो का नव्हता, हे सांगायचं तर मला एक कबुली द्यावी लागेल.

तीन वर्षांपूर्वी, बोनस झाल्यावर, मी माझी पहिली 'मोठी' बाईक घेतली. नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. वजन दोनशे किलोच्या घरात. त्याआधी मी काय चालवली होती? बाबांची शंभर सीसी! पण दिवाळीला पुण्याहून थेट चंद्रपूर मारली, फोटो टाकले, लाइक्स मोजले. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी चंद्रपूर-मूल रस्त्याला एकटाच निघालो. चिचपल्लीच्या पुढे एक कच्चा रस्ता आत जाताना दिसला. सनसेटचा फोटो मस्त येईल म्हणून वळलो.

पडलो तेव्हा स्पीड किती होता? शून्य! यू-टर्न मारताना पुढचं चाक मुरमात घसरलं, मी पाय टाकला, पाय जिथे पडायला हवा होता तिथे जमीन दीड वीत खाली होती. गाडी हळूच, अगदी प्रेमाने आडवी झाली. मला खरचटलंसुद्धा नाही. फक्त ती परत उभी राहीना.

आधी हँडल धरून ओढलं. मग सीटखाली खांदा घातला. पेट्रोलचा वास यायला लागला. पाच वाजून गेले होते, नोव्हेंबरचा दिवस, झाडांमध्ये अंधार लवकर येतो. रेंज नाही. दूर कुठेतरी चितळ ओरडलं. एकदा, मग परत एकदा. चंद्रपूरच्या माणसाला त्या आवाजाचा अर्थ शिकवावा लागत नाही. पुण्यातल्या मित्रांना वाटतं वाघ ताडोबाच्या गेटच्या आत राहतो. वाघाने ती पाटी वाचलेली नाही. ताडोबात दुचाकीला प्रवेश नाही, बाहेरच्या जंगलात मात्र आपण बिनधास्त दुचाकीवर असतो.

पाऊण तास मी त्या गाडीशेजारी उभा होतो. आयुष्यात इतका वेळ इतका गप्प कधी बसलो नसेन. शेवटी दोन जण आले, एका जुन्या स्प्लेंडरवर, मध्ये तांदळाचं पोतं. उतरले, एकाने हँडल वळवलं, दुसऱ्याने मागून धरलं, तिघांनी मिळून उभी केली. जाताना त्यातल्या मोठ्याने विचारलं, "येवढी जड गाडी काहून घेता जी? उचलता त येत नाही."

उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. घरी मी सांगितलं की ट्रॅफिक होतं.

तर तो कॉलम हा. वजन. कागदावरचं नाही, आडवं पडलेलं.

जानेवारीत सुट्टी काढून चंद्रपूरला गेलो. आमच्या घराण्याचे जुने मेकॅनिककाका आहेत, त्यांच्या गॅरेजवर बहिणीला घेऊन गेलो. मामा सोबत होते, स्कूटीचाच हट्ट धरून. काकांनी सगळं ऐकून घेतलं, माझी एक्सेल शीट हाताला ग्रीस आहे म्हणून बघायला नकार दिला, आणि मागच्या अंगणात बारदाना अंथरला. "बेटा, गाडी चालवून नाही पाह्यची. पाडून पाह्यची," म्हणाले आणि माझी गाडी त्यावर सावकाश आडवी केली. "उचल."

नाही उचलली गेली. पाच फूट एक इंच उंचीची पोरगी, किती जोर लावणार? मग काकांनी पद्धत शिकवली. ती ऑफिसातल्या प्रत्येक बाईकवाल्याने शिकून घ्यावी. आधी इंजिन बंद. हँडल पूर्ण वळवायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची म्हणजे घरंगळत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, नाहीतर उचलल्या उचलल्या पलीकडे जाते. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलला, दुसरा मागे, पाठ ताठ, आणि पायांच्या जोरावर इंच इंच मागे सरकायचं. हातांनी ओढायचं नाही. मी तीन वर्षांपूर्वी नेमकं तेच करत होतो.

या पद्धतीनेही माझी गाडी तिच्याकडून अर्ध्यावरच आली. मग गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला आलेली एक एक्सपल्स, मालकाला फोन करून. दीडशे किलोच्या थोडी वर. तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्या गाडीची सीट ८२३ मिलिमीटरवर. बसल्यावर दोन्ही पायांचे फक्त अंगठे टेकतात. सपाट अंगणात चालून जातं. रपट्याच्या उतारावर, शेवाळावर, एक पाय टाकायची वेळ आली तर? माझा पाय दीड वीत कमी पडला होता, तिचा किती पडेल?

मी तरी हेका सोडेना. "अगं, २२० मिलिमीटर क्लिअरन्स आहे. दगडावरून आरामात जाईल. सीट कापून खाली करू."

तेव्हा ती जे बोलली ते मला माझ्या शीटपेक्षा जास्त पटलं. "दादा, मला दगडावरून नाही जायचं, दगडाच्या बाजूने जायचं आहे. रोज. आणि बंद पडली तर ढकलता आली पाहिजे, अन् गावातल्या पोराला दुरुस्त करता आली पाहिजे. याचा क्लच केबल तुटला तर तिथे कोण देईल?"

मामांची स्कूटी पण बाद झाली. हलकी असते, पाय टेकतात, सगळं खरं. पण लहान चाक डांबरावरचा खड्डा कसाबसा सहन करतं, मुरमातल्या चाकोरीत ते वाट्टेल तिकडे वळतं. गॅरेजमागच्या गिट्टीच्या ढिगाजवळ एक चक्कर मारून तिने स्वतःच चावी मामांच्या हातात दिली.

मग शेवटी काय घेतलं? सेकंडहँड स्प्लेंडर! एकशेदहा-बारा किलो, एमएच-३४ पासिंग, एकाच मालकाची, काकांच्या ओळखीतली, पंचेचाळीस हजार. माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे. कोणाला सांगायचं की बाईकवाल्या दादाने बहिणीला स्प्लेंडर घेऊन दिली! तारेची चाकं असलेलीच बघितली. दगडावर आपटली तर तारेचं चाक वाकतं, ते ठोकून सरळ होतं. अलॉयला तडा गेला की खेळ संपला. आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीशी जुळवला, आधीच्या मालकाचं लोन फिटल्याचं बँकेचं पत्र घेतलं. मागे बटन टायर टाकला. इंजिनखाली काकांनी एक पत्रा वेल्ड करून दिला, फुकट.

आणि वाचलेले पैसे? हा माझा एकुलता एक सल्ला मानला गेला. त्या कॅलगरीवाल्यानेच मला सांगितलं होतं की तिकडे डोंगरात स्नोमोबाईल नेणारा माणूस आधी हिमस्खलनात शोधणारं यंत्र, लांब काठी आणि फावडं घेतो, आणि उरलेल्या पैशात गाडी. आम्ही आयएसआयवालं फुल फेस हेल्मेट घेतलं, ग्लोव्हज, गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वर जाणारे बूट, पंक्चरचं सामान, हातपंप, हेडटॉर्च, एक जास्तीचा क्लच केबल. मामांना बिल बघून चक्कर आली. त्यांच्या मते हेल्मेट म्हणजे हायवेला पोलीस दिसला की घालायची वस्तू. बहिणीने शांतपणे सांगितलं, "बाबा, अ‍ॅक्सिडेंटचे पेशंट उद्या माझ्याकडेच येणार आहेत. मी कोणाकडे जाऊ?" मामा बिल देऊन मोकळे झाले.

फेब्रुवारीचा पूर्ण महिना ती रविवारी मोकळ्या मैदानात शिकली. मुरमावर पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळू, मागचा आधी. फुटरेस्टवर उभं राहून चालवणं, नजर चाकाजवळ न ठेवता वीस पावलं पुढे. आणि काकांचा एक नियम, लेखी घेतलेला: रपट्यावर पाणी वाहताना दिसलं की गाडी बंद करून थांबायचं. घोट्याएवढं असलं तरी. उपकेंद्र एक दिवस उशिरा उघडलं तर चालतं.

जुलैत तिचा मेसेज आला. रेंजमध्ये आल्यावर एकदम सात मेसेज येतात तसा. गाडी त्या आठवड्यात दोनदा आडवी झाली, दोन्ही वेळा चिखलात, दोन्ही वेळा तिनेच उभी केली. आणि एका सकाळी नाल्याला पाणी होतं. पलीकडे गावातली एक बाई, नववा महिना, त्या दिवशी तपासणीला यायची होती. बहीण अलीकडे, ती पलीकडे, मध्ये लाल पाणी. एक पोरगा आपली गाडी घेऊन बिनधास्त निघून गेला, तिला म्हणाला, चला ना मॅडम, काही होत नाही. ती नाही गेली. दोन तास थांबली. पाणी उतरल्यावर गाडी तिथेच लावून गावातल्या दोघींचा हात धरून पायी पलीकडे गेली, बीपी बघितलं, आणि त्याच दुपारी त्या बाईला आलापल्लीला हलवायची सोय केली. मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं, 'सीट थोडी टोचते. बाकी ओके.'

कॅलगरीवाल्याने ८५० घेतली. हँडलपर्यंत बर्फात गाडलेल्या मशीनचा आणि हातात फावडं घेतलेल्या त्याचा फोटो मार्चमध्ये आला होता. खाली लिहिलं होतं, 'तीन तास.'

आणि हो, माझी गाडी विकायला काढली आहे. सिंगल ओनर, वेल मेंटेन्ड, फक्त एकदाच पडलेली. बरं, तीनदा. घ्यायच्या आधी बारदाना तुमचा आणा, पाडायला मी मदत करतो.