वायरचा एक कीबोर्ड कपाटात हवाच

बारावीचा निकाल लागला की दाखल्यांचा हंगाम सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल. रामटेक तालुक्यात देवलापारच्या आदिवासी पट्ट्यातली मुलंही या कागदांसाठी तालुक्याच्या गावी येतात. अशा दिवशी सेवा केंद्रातला कॉम्प्युटर सुरू होतानाच अडला, काळ्या पडद्यावर ‘एफ-वन दाबा’ एवढीच सूचना आली आणि टेबलावरच्या वायरलेस कीबोर्डचं ते बटण दाबूनही काही हललं नाही, तर रांगेतल्या मुलाची खेप फुकट जाते. बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतंच. त्याला फक्त एक बटण दाबल्याचं कळायला हवं असतं. ते कळवण्यासाठी ५० किलोमीटरवरच्या नागपूरहून माणूस बोलवायची पाळी येऊ नये.

वायरलेस कीबोर्ड सोयीचा आहे, तो खुशाल वापरावा. पण जिथे लोकांचं काम मशीनवर अवलंबून आहे, तिथे वायरचा एक साधा कीबोर्ड हाताशी असणं ही अट असायला हवी.

कारण समजायला अवघड नाही. बटण दाबल्यावर विंडोज लगेच जागं होत नाही. आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम, म्हणजे बायोस किंवा त्याची नवी आवृत्ती यूईएफआय, कामाला लागतो आणि मेमरी, डिस्क, कीबोर्ड तपासतो. ब्लूटूथ कीबोर्डची जोडणी मात्र साधारणपणे विंडोज सांभाळतं. म्हणून विंडोज येईपर्यंत बहुतेक मशीनांना तो कीबोर्ड ओळखताच येत नाही. डोंगलवाल्या कीबोर्डचं तसं नाही. यूएसबीत खोचलेला तो इवलासा रिसिव्हर स्वतःच ‘मी कीबोर्ड आहे’ असं मशीनला सांगतो, त्यामुळे सहसा पहिल्या पडद्यापासून चालतो. दुकानात दोघांनाही वायरलेसच म्हणतात. घेताना ‘ब्लूटूथ की डोंगल?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

डोंगलही कधी दगा देतो, तेव्हा तपासणीचा क्रम ठरलेला असावा. आधी सेल बदलावेत आणि कीबोर्डच्या पाठीवरचं बटण चालू आहे का पाहावं. एखादी की फायलीखाली दबलेली नाही ना, तेही बघावं. दबलेल्या कीमुळेसुद्धा मशीन सुरुवातीलाच अडतं. मग डोंगल हबमधून काढून थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावावा, शक्यतो निळ्या पोर्टपासून दूर. निळे पोर्ट बहुधा यूएसबी ३.० चे असतात आणि त्यांच्या वेगवान देवाणघेवाणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे. डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो.

तरी जमलं नाही तर वायरचा कीबोर्ड जोडून डिलीट किंवा एफ-टू दाबत बायोसमध्ये शिरावं. तिथे यूएसबी लेगसी सपोर्ट चालू करावा आणि फास्ट बूट बंद करावं, कारण वेळ वाचवण्यासाठी ते यूएसबीची तपासणी टाळू शकतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप ही वेगळी गोष्ट. विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ केल्यावरही मशीन आतली बरीच अवस्था डिस्कवर जपून ठेवतं. पूर्ण नव्यानं सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करावं. एफ-वनची सूचना रोज येत असेल आणि घड्याळही मागच्या तारखेवर जात असेल, तर दोष बहुधा मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलचा असतो. आणि वायरचा कीबोर्ड लावूनही पडदा काळाच राहिला, तर कीबोर्डला दोष देणं थांबवून रॅम, डिस्क आणि वीजपुरवठा तपासावा.

या सगळ्या क्रमात वायरचा कीबोर्ड ही किल्ली आहे. तो नसेल तर वायरलेस दुरुस्त करण्याचा रस्ताच बंद होतो.

ही अडचण फक्त छोट्या गावांची नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडली. हैदराबादच्या विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यातल्या कित्येक मशीनांपाशी माणसाला बसावं लागलं, सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल काढावी लागली. जिथे डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं, तिथे आधी ४८ अंकी किल्ली टाइप करणं आलं, तेही विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर.

१४ ऑक्टोबर २०२५ चं उदाहरण याहून बोलकं आहे. त्या दिवशीच्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर, मशीन सुरू होत नसताना जिथे जावं लागतं त्या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. वायरचे यूएसबी कीबोर्डही त्यातून सुटले नाहीत. गोल पिनचा जुना पीएस-टू कीबोर्ड मात्र चालत होता. मायक्रोसॉफ्टनं ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला, तातडीची दुरुस्ती पाठवली. ज्या मशीनला अजून तो गोल पोर्ट आहे, त्याच्यासाठी तसा एक कीबोर्ड जपून ठेवावा, हे त्यातून घ्यायचं.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नं दाखला मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क केला. त्या हक्काचा प्रवास याच टेबलावरून सुरू होतो. तेव्हा सरकारी कार्यालयं, शाळा आणि सेवा केंद्रांसाठी कॉम्प्युटर घेताना वायरचा कीबोर्ड प्रत्येक ठिकाणी निदान एक, असं यादीतच लिहावं. बायोसमध्ये कोणत्या कीनं जायचं, ते मॉनिटरच्या कडेला चिकटवावं. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून कुलुपात ठेवावी. कॉम्प्युटरच्या प्राथमिक वर्गांत टायपिंग आणि एक्सेलच्या बरोबरीनं सुरुवातीच्या या काही सेकंदांसाठी एक तास द्यावा.

हे शिकवायला रामटेकला बाहेरून कुणी आणायची गरज नाही. १९८५ पासून इथे कविकुलगुरू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमात वर्षातून एकदा तालुक्यातल्या केंद्रांची फेरी करावी: मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं, टेबलावरच्या कीबोर्डनं बायोस उघडतं का पाहावं, आणि उघडत नसेल तर केंद्रचालकाकडूनच ते दुरुस्त करून घ्यावं.