कपाटातला वारसा

गेल्या महिन्यात पावसाने घरभेटींना खीळ घातली आणि मला वाचनाला उसंत मिळाली. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील आदिपुराण, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही तीन पुस्तके पुन्हा वाचली. त्यांविषयीची माझी मते येथे मांडतो. ती काही वाचकांना कडू लागतील, त्याला माझा इलाज नाही.

प्रथम ‘ख्रिस्तपुराण’. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ रचला. १६१६ मध्ये तो रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. त्यातील मराठीच्या थोरवीच्या मोजक्या ओव्या आपल्या प्रत्येक व्यासपीठावर म्हटल्या जातात. माझा आक्षेप आहे तो याच सवयीला. चार ओव्या पदकासारख्या छातीवर लावायच्या आणि उरलेला ग्रंथ कपाटात कुलूपबंद ठेवायचा, ही वारशाची पूजा झाली. वारसा चालवणे नव्हे.

हा ग्रंथ मराठीला प्रशस्तिपत्र देण्यासाठी लिहिलेला नाही. नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वर्ज्य झाली होती. तेव्हा त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही द्या, अशी मागणी श्रोत्यानेच केल्याचे स्टीफन्स आरंभी दाखवतात. श्रोता मागतो आणि गुरू देतो. आज आपल्या धर्मग्रामांत मागणारा उरला आहे काय? आणि देण्याची तयारी आम्हा धर्मगुरूंची तरी आहे काय? दृढीकरणाच्या वर्गात मी विचारले, ‘ख्रिस्तपुराण’ कोणी पाहिले आहे? एकच हात वर आला. त्या मुलीने ते आजोबांच्या कपाटात पाहिले होते. उघडलेले मात्र कधी पाहिले नव्हते. मुलांना दोष देऊन मी घरी परतलो असतो, तर ते खोटेपणाचे झाले असते. सेमिनरीतून बाहेर पडल्यानंतर किती वर्षे माझीही प्रत मिटलेलीच होती!

१६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून गोव्यातील प्रजेने तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम केला. त्या जुलमावर आपण आवेशाने बोलतो. पण आज आपल्या दिवाणखान्यांतून मराठी हद्दपार होत आहे, ती कोणत्या व्हाइसरॉयच्या आज्ञेने? मुलांनी इंग्रजी शिकावी, उत्तम शिकावी. स्टीफन्स यांची मातृभाषा इंग्रजीच होती. परकी भाषा शिकताना त्यांना स्वतःची टाकावी लागली नाही.

‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतात. माझे प्रामाणिक मत असे, की कथा म्हणून ते दुबळे आहे. पात्रे बोलू लागली की प्रवचन सुरू होते. परंतु ज्या काळी विधवांचे दुःख घराच्या भिंतींआड दडपले जात होते, त्या काळी पदमनजींनी ते चव्हाट्यावर मांडले. आपल्या आजच्या कथांनी त्यांचे प्रवचन तेवढे उचलले आणि धाडस सोडून दिले. व्यसन, हुंडा, जमिनीवरून भावाभावांत पडणारे वैर हे आपल्या घरांतले विषय आपल्या कथांत कितीसे येतात?

‘स्मृतिचित्रे’ने मात्र मला लाजवले. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांतील विरह, संताप आणि सोवळ्याओवळ्याचे मनातले ओझे त्यांनी लपवलेले नाही. पतीचा तापटपणाही झाकलेला नाही, आणि तरीही त्यांच्यावरील प्रेम पानोपानी जाणवते. स्वतःवर हसू शकणारी ही श्रद्धा आहे. आता आपल्या सणांच्या स्मरणिका उघडा. शुभसंदेश, जाहिराती आणि गौरव. जणू आपल्या धर्मग्रामांत कोणाला कधी शंका आली नाही, कोणी कधी चुकले नाही! जेथे पापाची कबुली हा संस्कार आहे, तेथील साहित्यात कबुली नसावी, हे नवलच.

कोणी म्हणतील, ‘फादर, पदमनजी आणि टिळक तर प्रोटेस्टंट.’ त्यांना मी आठवण देतो, की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याचा हुकूमनामा दिला आणि निषिद्ध ग्रंथांची सूची १९६६ मध्ये संपुष्टात आली. रोमने उचललेली ती सूची आपण मनात का जपावी? दुसरे म्हणतील, वेळ नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मेजवानीसाठी मंडप, बँड आणि केक ठरवायला आपल्याला महिनोन्महिने वेळ असतो. त्या मुलाच्या हाती एक मराठी पुस्तक द्यायला मात्र नसतो.

म्हणून माझे मागणे लहान आहे. रात्रीची जपमाळ संपल्यावर घरातील एकाने दोन पाने मोठ्याने वाचावीत. आरंभ ‘स्मृतिचित्रे’ने करावा, कारण तिथे हसू लवकर येते. आजीला ऐकू येईल आणि नातवाला मराठी येईल. माझ्यापुरते सांगायचे, तर येत्या रविवारपासून मिस्सानंतर पंधरा मिनिटे मी ‘ख्रिस्तपुराण’ वाचणार आहे. चार जण थांबले तरी वाचीन. ज्यांच्या घरी प्रत आहे त्यांनी ती धूळ झटकून सोबत आणावी.