प्रत्येक गाडीला वेगळा बँकर?

कसाऱ्यात राहणाऱ्याला बँकर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण पुण्याचे आणि परदेशातले नातेवाईकही हे पान वाचतात, म्हणून सांगतो. इगतपुरीकडे जाणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्यांना आमच्या स्टेशनात मागून जादा इंजिनं लागतात. घाटाचा चढ आहे ३७ फुटांना १ फूट. बँकर गाडीला ढकलत वर नेतात, इगतपुरीला सुटतात आणि खाली येऊन पुढच्या गाडीला लागतात. घाटातून गाड्या धावू लागल्या १८६५ साली. तेव्हापासून आजवर "साहेब, प्रत्येक गाडीला स्वतःचे बँकर घेऊन टाका" असा सल्ला रेल्वेला कुणी दिला असेल असं वाटत नाही.

मला मात्र तसा सल्ला देणारा भेटला.

झालं असं, की आमच्याकडे तीन संकेतस्थळांचा विषय निघाला. एक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं, एक भजनी मंडळाचं आणि एक मामेभावाच्या रोपवाटिकेचं. तिन्ही मिळून दिवसाला पन्नास माणसं आली तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती. होस्टिंगवाले साहेब म्हणाले, "तीन स्वतंत्र सर्व्हर घ्या. एकावर तीन ठेवणं म्हणजे जुगाड." मंडळींनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

जुगाड? अहो, अख्खं महाजाल याच जुगाडावर उभं आहे!

चाळीचं उदाहरण घ्या. चाळीचा पत्ता एक, खोल्या चाळीस. पाकिटावर नाव असलं की पोस्टमन बरोबर दारात येतो. आयपी पत्ता म्हणजे ती चाळ. अगदी सुरुवातीला ब्राउझर नुसता चाळीपर्यंत यायचा, कुणाला भेटायचंय हे सांगतच नसे. त्यामुळे प्रत्येक नावाला वेगळा पत्ता लागायचा. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चा मसुदा आला आणि 'होस्ट' ही ओळ सक्तीची झाली. म्हणजे पाकिटावर नाव लिहिणं सक्तीचं झालं. ते नाव वाचून सर्व्हर त्या-त्या फोल्डरातली पानं देतो. अपाचे असो वा एनजिनएक्स, प्रत्येक नावासाठी चार-सहा ओळी लिहिल्या की काम झालं.

एचटीटीपीएसची अडचण खरी होती. तिथे पाकीट सीलबंद, नाव आत, आणि कुणाचं प्रमाणपत्र दाखवायचं हे सर्व्हरला आधीच ठरवायला लागे. त्यावर २००३ साली एसएनआयचा तोडगा निघाला, म्हणजे नाव पाकिटाच्या बाहेर आलं. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते तसं बाहेर लिहिता येत नसे, म्हणून बरीच वर्षं लोक बिचकत होते. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं सगळ्यांना खुली झाली. साहेबांची भीती त्याच्या आधीची आहे.

आणि जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत तरी किती? सुमारे ४२९ कोटी. त्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. प्रत्येक भजनी मंडळाला स्वतंत्र पत्ता द्यायचा तर आणायचा कुठून?

सरकारचंच बघा ना. घाटाखाली ठाणे जिल्हा, घाटावर नाशिक. दोन्ही जिल्ह्यांची संकेतस्थळं शेजारी-शेजारी उघडा. सख्ख्या भावांसारखी दिसतात, कारण दोन्ही नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या एकाच सामाईक यंत्रणेवर चालतात. तिचं नाव एस-थ्री-वास. देशभरातले कितीतरी जिल्हे तिच्यावर आहेत. जिल्हाधिकाऱ्यांना जे चालतं ते आमच्या भजनी मंडळाला का चालू नये? आणि ब्लॉगर मित्रांनो, ब्लॉगस्पॉट किंवा वर्डप्रेसवर तुमचा ब्लॉग आहे ना? मग तुम्हीही चाळीतच राहता!

आता माझीही चूक कबूल करतो. एकदा मी चार संकेतस्थळं एकाच युजरखाली ठेवली होती. एकावरच्या जुनाट प्लगिनमधून कुणीतरी शिरलं आणि सकाळी चारही ठिकाणी औषधांच्या जाहिराती! दोष चाळीचा नव्हता. मी चारही खोल्यांना एकच किल्ली केली होती. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा युजर, वेगळा डेटाबेस आणि त्याचा वेगळा पासवर्ड हवा, म्हणजे एका खोलीतला चोर दुसऱ्या खोलीत सहज जात नाही. चाळीलाच आग लागली तर? त्यासाठी बॅकअप, आणि तोही दुसऱ्या जागी. हेच जमत नसेल तर तीन सर्व्हर घेऊन काय होणार? तीन ठिकाणी चोरी होईल, एवढंच.

मी एवढा चिडलोय त्याचं कारण वेगळं आहे. माजी विद्यार्थ्यांचं संकेतस्थळ आधीही एकदा झालं होतं. असंच ऐटीत, स्वतंत्र सर्व्हरवर. पहिल्या वर्षी उत्साहाने वर्गणी जमली, दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या वर्षी बिल थकलं आणि एक दिवस सगळं गायब. निवृत्त झालेल्या बाईंचे फोटो, गॅदरिंगचे फोटो, वारलेल्या मित्रांवर लिहिलेले चार शब्द, सगळं गेलं. कुणाकडेच प्रत नव्हती. मोठ्या शहरातल्या कंपनीचं संकेतस्थळ बंद पडलं तर ती दुसरं बांधते. आमच्या गावाची आठवण एकदा गेली की गेली.

म्हणून छोट्या गावासाठी मी पहिला प्रश्न विचारतो, की हे दहाव्या वर्षी परवडेल का? एक गिगाबाइट मेमरीच्या साध्या सर्व्हरवर आमच्यासारखी तीन संकेतस्थळं आरामात बसतात. खर्च तिघांत वाटला की एखाद्या वर्षी वर्गणी कमी पडली तरी दुसरे दोघे धकवून नेतात. चाळीत हेच तर चालतं.

साहेबांना मी एवढंच विचारलं, "डोमेन कुणाच्या नावावर राहील आणि बॅकअप कुणाकडे?" त्यावर ते म्हणाले, "ते सगळं आम्ही बघू." 

असो. आता ते आम्हीच बघणार आहोत. पुढच्या रविवारी मामेभावाला बॅकअप घ्यायला शिकवतोय.